उभ्या विमानाचा वेग

मी बोलतेय. इंजिनाकडे बघू नका, पंख्याकडेही नको. डाव्या पंखाखाली जरा वाका. बोटाएवढी जाड, पुढे तोंड काढलेली एक वाकडी नळी दिसेल. ती मी. पायलट मला पिटो म्हणतात. बाकीचे मला बघतच नाहीत.

विमान पळू लागलं की समोरचा वारा माझ्या तोंडात शिरतो. तो किती जोरात शिरला हे मी आतल्या एका घड्याळाला कळवते. त्याची सुई वर चढते आणि पायलटला आपला वेग समजतो. सुई साठावर आली की हे चार खुर्च्यांचं विमान जमीन सोडायला तयार होतं. मी चुकीचं सांगितलं तर विमान वेगाआधीच उचललं जातं आणि तसंच खाली येतं. म्हणजे माझं काम एकच, वाऱ्याबद्दल खरं बोलायचं.

मी घडले परदेशातल्या एका कारखान्यात. या पंखाला जोडली गेले, दोन मालक पाहिले, आणि शेवटी धुळ्याच्या अभिमन नानांकडे आले. नानांचा धंदा सरकीच्या तेलाचा. पैसा झाला, गाड्या झाल्या, मग विमान झालं. धुळ्याहून जळगावला गाडीने दोन तास लागतात, माझ्यासोबत वीस मिनिटं. पण शेड उघडायची, हार घालायचा, फोटो काढायचे, आणि जो भेटेल त्याला "इमानमा जाई ऱ्हायनू" असं सांगायचं, हे सगळं धरलं तर गाडीच आधी पोचायची.

पायलट होते दोंडाईच्याचे प्रेमराज. पन्नाशी उलटलेली, कमी बोलणारा माणूस. शेडमध्ये मला एक लाल टोपी घातलेली असते, कारण कुंभारमाशीला मातीचं घर बांधायला असली भोकं फार आवडतात. उड्डाणाआधी प्रेमराज ती टोपी काढायचे, आत डोकावायचे, तळहात माझ्या तोंडासमोर धरायचे आणि हलकेच म्हणायचे, "दम ले व माय."

मी श्वास घ्यायचे. मग आम्ही निघायचो.

दोन वर्षांपूर्वी वैशाखात नानांच्या नात्यातलं एक लग्न जळगावला होतं. त्या दिवशीही प्रेमराजांनी तळहात धरला, पण शब्द फुटले नाहीत. हात घामाने ओला होता. नाना आधीच आत बसले होते. प्रेमराज त्यांच्या दाराशी जाऊन काहीतरी बोलले. नाना हसले, मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं. आम्ही उडालो.

जळगावला ते इतके अलगद उतरले की चाकं टेकल्याचं कळलं नाही. इंजिन बंद केलं. नाना आणि बाकीचे उतरले, फेटे सारखे केले, गाड्यांत बसून गेले. मागे कोणी वळून पाहिलं नाही. प्रेमराज खुर्चीतच होते. पंक्ती उठल्यावर ड्रायव्हर त्यांच्यासाठी ताट घेऊन आला, तेव्हा कळलं.

"झोपेत गेल्यासारखा गेला, पुण्यवान माणूस," असं नाना सगळ्यांना सांगत राहिले.

कोणा परक्या पायलटने विमान धुळ्याच्या शेडमध्ये आणून सोडलं आणि ते तिथेच राहिलं. मला टोपी घातली गेली. आणि मग, भर दुपारी, बाहेर पान हलत नसताना, पत्रा तापून कडकडत असताना, माझ्यात कोणीतरी श्वास घेऊ लागलं.

मी वाऱ्याची नळी आहे. वारा म्हणजे काय ते मला शिकवू नका. हा वारा नव्हता. टोपीतून काही आत येत नव्हतं. जे होतं ते आतून येत होतं, गार, धापा टाकत, मधेच थांबत. रिकाम्या खुर्चीसमोर घड्याळाची सुई थोडी वर यायची आणि परत खाली पडायची. बघायला कोणी नव्हतं.

मग या उन्हाळ्यात नूतन आली.

ती अमळनेरची. पुण्यात एका कंपनीत नवशिक्या पायलटांना खोट्या विमानात बसवून शिकवते. हातात खरं परवान्याचं कार्ड, आणि दिवसभर समोर पडद्यावरचं आकाश. तिथे तिचा करार संपत आला होता. पुन्हा सही केली तर दोन वर्षं अडकणार. इथे नानांच्या मुलाने, हितेंद्रने, तिला सरळ कप्तानाची खुर्ची देऊ केली होती, धुळ्यातच, देवपूरला घर, आणि आई तासाभरावर. आठवडाभर राहून बघा आणि मग ठरवा, असं तो म्हणाला.

तिने पहिल्या दिवशी काय केलं असेल? टोपी काढली, आत डोकावली, आणि तळहात माझ्यासमोर धरला. तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

माझ्या पंखाच्या सावलीत उभी राहून ती आईशी फोनवर बोलायची.

"अगं, लोक काय म्हणतील ते मला नको सांगूस. 'एवढी शिकली आणि परत धुळ्यात' हेच ना? पुण्यात मी जमिनीवर बसून उडते, आई. इथे निदान खरं विमान आहे." थोडं थांबून, "नाही, अजून हो म्हटलेलं नाही. इथे मी पायलट असेन की ड्रायव्हर, तेच कळत नाहीये."

तेच तिला कळत नव्हतं, आणि ते कळणं भाग होतं. एक दिवस तिने हितेंद्रला विचारलं, "आधीचे कॅप्टन आजारी होते का?"

"नाही हो मॅडम. धडधाकट होते. अचानकच."

"उडायच्या आधी काही बोलले असतील ना? छाती भरून आलेली पायलटला कळते."

हितेंद्र चाळिशीचा, पण वडिलांचं नाव निघालं की दहावीतला. "ते नानांना माहीत," म्हणाला आणि निघून गेला.

नानांच्या पत्नी कमलबाई रोज डबा घेऊन शेडमध्ये यायच्या. त्यांना विमानाची भीती वाटायची आणि नूतनची काळजी. त्यांना धीर यावा म्हणून नूतनने एकदा मला दाखवलं. "अक्का, घाबरायचं काय त्यात? हे बघा, हे विमानाचं तोंड. ह्याने ते श्वास घेतं."

कमलबाई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. एवढ्या वर्षांत घरच्यांपैकी पहिल्यांदाच मला कोणी पाहत होतं.

नव्या पायलटचं पहिलं उड्डाण नानांनी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरवलं. नूतनला विचारलं नाही, पत्रिका वाटल्यावर सांगितलं. आखाजीला कामाचा आरंभ करतात हे खरं, पण त्याच सकाळी घरोघरी पितरांची घागरही भरतात. दोंडाईच्याला प्रेमराजांच्या नावाची घागर भरली गेली असेल. ते तिथे पाणी प्यायला गेले की नाही, मला माहीत नाही. त्या सकाळपासून माझ्या आतला श्वास थांबला नव्हता.

धावपट्टीच्या कडेला मांडव, पाहुणे, बर्फ घातलेलं पाणी. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. नूतनने सगळी तपासणी केली, मी मोकळी आहे ते पाहिलं, आणि पलीकडच्या दाराशी जाऊन नानांना चढवून त्यांचा पट्टा बांधू लागली.

तेवढ्यात कमलबाई ताट घेऊन माझ्यापाशी आल्या. मला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. मग पेढा घेतला, बोटांत मळला, आणि मायेने माझ्या तोंडात कोंबला. अंगठ्याने दाबून दाबून. पाणी निथळायची बारीक भोकंसुद्धा बुजली.

नव्या कामाला निघणाऱ्याचं तोंड गोड करतात. त्यांचं काय चुकलं?

नूतन आपल्या खुर्चीत बसली. इंजिन सुरू झालं, पंखा फिरू लागला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि माझ्या बुजलेल्या तोंडामागे तो श्वास फुगू लागला. मला तो अडवता येत नव्हता. सुई वीसवर गेली, चाळीसवर, साठावर, आणि तिथे स्थिर झाली.

नाना पायलटशेजारच्या खुर्चीत वर्षानुवर्षं बसलेले. साठ म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. "साठ व्हयना. चाल आते."

नूतन सुईकडे बघत होती. मग तिने खिडकीबाहेर पाहिलं. मांडवाचा खांब जिथे होता तिथेच होता.

"नाना," ती म्हणाली, "आपण अजून उभे आहोत."

"सुई दाखी ऱ्हायनी ना!"

"सुई दाखवतेय म्हणूनच." तिने इंजिन बंद केलं.

"बठ्ठा लोके वाट दखी ऱ्हायनात, पोरी. मुहूर्त जाई ऱ्हायना. प्रेमराज कधी थांबला नाही."

तिने पट्टा काढला. "माहितीय मला. म्हणून तर तुम्ही नवीन पायलट शोधताय."

ती खाली उतरली, माझ्यापाशी वाकली, आणि पेढा पाहून तिने कमलबाईंना हाक मारली. कमलबाई धावत आल्या.

"तूच सांगं ना व, हाई तोंड शे म्हनीसन. मी तोंड गोड करं. माले काय मालूम?"

पाहुणे हसले. कोणीतरी म्हणालं, विमानाला मधुमेह होईल. हितेंद्रने घाईघाईने सगळ्यांना समजावलं की आत हवा कोंडली, उन्हाने तापली, फुगली आणि सुई वर गेली. शास्त्र आहे, घाबरायचं काही नाही. नूतननेही मान हलवली. तापलेली हवा फुगते हे खरंच आहे.

तिने नखांनी पेढा उकरून काढला. मी मोकळी झाले. "हितेंद्रभाऊ, आत बघा, सुई खाली आली का?"

हितेंद्रने खिडकीतून डोकावून पाहिलं. काच पुसून पुन्हा पाहिलं.

"नाही मॅडम. साठावरच आहे."

नूतनने तळहात माझ्या तोंडासमोर धरला, आणि चटका बसावा तसा मागे घेतला. चटका नव्हता. त्रेचाळीस अंशांच्या उन्हात तिच्या हातावर काटा आला होता. तो तिने पाहिला, आणि दारातून उतरणाऱ्या नानांनीही पाहिला.

कोणी हसत नव्हतं आता. ती नानांसमोर जाऊन उभी राहिली.

"घर चांगलं आहे. काम मला हवंय. आई जवळ आहे. मी यायला तयार आहे, नाना. फक्त एक सांगा. त्या दिवशी उडायच्या आधी कॅप्टन काय म्हणाले होते?"

"काही नाही."

"त्यांच्या खुर्चीत मी बसणार आहे. मला ते माहीत हवं. मी नको म्हणाले तर तुम्ही काय करता, तेही मला त्यातच कळेल."

"मोठ्या माणसाशी असं बोलतात का?" नाना इकडेतिकडे बघत म्हणाले. "काही बोलला नाही तो. सांगितलं ना."

"मग राहू दे," नूतन म्हणाली. "आठवलं तर फोन करा. महिनाअखेरीला मला पुण्यात सही करायची आहे. तुम्ही खरं सांगितलंत तर नाही करणार."

त्याच संध्याकाळी ती एसटीने गेली. मेकॅनिकने मला काढलं, धुतलं, फुंकलं, पुन्हा बसवलं. दोष काही सापडला नाही. टोपी घातली गेली.

तेव्हापासून भर दुपारी, सगळे झोपलेले असताना, नाना शेडमध्ये येतात. एकटे. पहिल्यांदा आले तेव्हा दारातूनच परत गेले. मग प्लास्टिकची खुर्ची ओढून माझ्यासमोर बसू लागले. एक दिवस टोपी काढली आणि तळहात धरला. बराच वेळ धरून ठेवला. मी आतल्याला म्हटलं, सोड, सोड श्वास. तो सोडेना. त्यांच्या हाताला काही लागलं नाही. तेव्हा नाना पुढे झुकले, इतके की त्यांच्या तोंडाला येणारा तंबाखूचा वास माझ्यात शिरला, आणि दोन वर्षं गिळून ठेवलेलं ते माझ्या कानात, म्हणजे तोंडात, बोलले.

"तो बोलना, 'नाना, आज नको. माले दम लागी ऱ्हायना.' मी बोलनू, 'ईस मिनिटनं काम शे.'"

मग रुमालाने डोळे पुसले, मला टोपी घातली, आणि हलकं झाल्यासारखे घरी गेले. रोज येतात. रोज तेच सांगतात. रोज हलके होऊन जातात.

नाना, आता माझं ऐका. तुम्ही मोठे आहात, सगळ्यांचे नाना आहात, म्हणून इतके दिवस गप्प होते. मला सांगून काही होत नाही. मी एक नळी आहे. ज्या मुलीला सांगायचं ती पुण्यात खोट्या आकाशासमोर बसून तुमच्या फोनची वाट बघतेय. तिला सांगायला तुम्हाला लाज वाटते, आणि मला सांगायला वाटत नाही, कारण मी उलटून बोलत नाही.

महिना संपत आलाय. तिला फोन करा. जे मला सांगता तेच, तेवढंच सांगा. मग ती येईल, तिच्या नकाराला इथे किंमत राहील, आणि आतला माणूस निघून जाईल असं मला वाटतं.

नाही सांगितलंत तर ती सही करेल आणि हे विमान इथेच गंजेल. पण तुम्ही दुपारी इथे आल्यावाचून राहणार नाही, ते मला माहीत आहे. म्हणून सांगून ठेवते. तुम्ही रोज जे ओतून जाता ते आत कोणीतरी ऐकतंय. पूर्वी तिथे नुसती धाप होती. काल तुम्ही गेल्यावर टोपीच्या आत पहिला शब्द आला, 'नाना'.

पुढचे शब्द त्याला पाठ आहेत.