राजकुमारच्या शर्टांचे हँगर

राजकुमार गेला तेव्हा त्याचे दोन शर्ट भिंतीच्या खिळ्याला तारेच्या हँगरवर होते. भामाबाईनं ते तसेच ठेवले. धुतलेही नाहीत. शेंद्र्याच्या कंपनीतून रात्रपाळी करून येताना ट्रकनं पोरगं चिरडलं, खिशातला मोबाईलही चिरडला. त्याची सगळी गाणी त्यातच होती.

म्हणून ढोलकीवाला प्रणय त्यांच्या मुकुंदवाडीतल्या खोलीवर येऊन म्हणाला, "काकू, आपल्या गायन पार्टीचं शूटिंग झालं होतं ना, ते रविवारी दुपारी सह्याद्रीवर दाखवणारेत," तेव्हा भामाबाई रडली नाही. तिनं विचारलं, "तोंड दिसंल का त्याचं?"

"दिसंल की. मधीच उभा होता तो."

प्रणय गल्लीभर सांगत गेला.

घरात टीव्ही होता, जुना डबडा. पण पोरगा गेल्यावर भामाबाईनंच केबल काढायला लावली होती. घरात गाणं नको म्हणाली होती. आता केबलवाला म्हणत होता, सोमवारी बघू. सोमवारी काय बघायचं, त्याचं डोंबल?

"अप्पारावकडं जाऊ," तिचा नवरा कडुबा म्हणाला. शेजारच्या अप्पारावचा टीव्ही भिंतभर.

"मी नाय जायची."

कारण कडुबाला माहीत होतं. राजकुमार लहान असताना तिथं कार्टून बघायला गेला होता. त्यांनी त्याला उंबऱ्याबाहेर चपलांपाशी बसवलं. लेकराला वाटलं, आपली बसायची जागा हीच. दुसऱ्या दिवशी आपणहून जाऊन चपलांपाशी बसलं. भामाबाईनं त्याला बखोटीला धरून आणलं, आणि हा डबडा तेव्हाच घरात आला. आता लोक जात विचारत नाहीत. जागा दाखवतात.

"माझं लेकरू मी चपलांत बसून बघू?" भामाबाई म्हणाली.

कडुबा सेंट्रिंगचा कामगार, गज वाकवण्यात जन्म गेलेला. दौलताबादला पोरपणी त्यानं घरच्या घरी केलेले अँटेना पाहिले होते. ताट, तार, बांबू. म्हैसमाळच्या टीव्ही टॉवरकडं तोंड केलं की चित्र यायचं. त्यानं मोडक्या पाटाची फळी काढली, ॲल्युमिनियमचं ताट घेतलं, जळलेल्या मिक्सरची वायर सोलली. अडलं ते तारेपाशी. वाकवली तशी ताठ राहील अशी तार पाहिजे होती. त्याची नजर खिळ्याकडं गेली आणि त्यानं ती लगेच खाली घेतली.

भामाबाईनं पाहिलं होतं. ती उठली, शर्ट उतरवले, नाकाशी धरले, घडी केली. हँगर त्याच्यापुढं टाकले.

"घ्या. नीट वाकवा."

शनिवारी तो पत्र्यावर चढून बांबू बांधत होता. खाली अप्पाराव दात घासत उभा.

"कडुबा, कावळ्याला झोका बांधला का रे?"

"अँटेना हाय, अप्पाराव."

"आरं वा! मग चंद्रावरचं पण दिसंल तुला!"

कडुबाही हसला. शेजाऱ्यानं चेष्टा केली की गरिबाला हसावंच लागतं.

रविवारी भामाबाई ठेवणीतलं पातळ नेसून टीव्हीसमोर बसली. पडद्यावर मुंग्या, नुसती खरखर.

"आलं का?" पत्र्यावरून कडुबा.

"नाय."

"आता?"

"मुंग्याच हायेत. अजून फिरवा."

आणि ढोलकी वाजली. मग आवाज.

"अहो, गायला लागला! माझा राजा गायला लागला!"

कडुबानं वरून उडीच टाकली. आत आला तर टीव्हीवर मुंग्याच, आणि भामाबाई अप्पारावकडच्या भिंतीला कान लावून उभी.

तो तसाच पळाला. अप्पाराव दारातच उभा होता.

"अप्पाराव, माझा टीव्ही का धरंना?"

"आरं, जुन्या टीव्हीला हवेतून काय मिळतंय आता? अँटेनावर येणारं चित्र सरकारनं कवाच बंद केलं."

"तुमाला म्हाईत होतं? काल?"

"मला वाटलं, तू मजा करतोयस."

कडुबाच्या हातात पक्कड होती. बोटं गजासारखी ताठ झाली. पण अप्पारावच्या खांद्यामागं राजकुमार गात होता. निळा झब्बा, डोळे मिटलेले. कडुबानं पक्कड खिशात घातली.

"जरा सरका," तो म्हणाला आणि चपलांपाशी उभा राहिला. कुणी आत ये म्हणालं नाही.

"भामे, ये गं! ये लवकर!"

ती आली नाही. राजकुमारनं शेवटचा सूर ओढला, हात जोडले, आणि साबणाची जाहिरात लागली.

कडुबा घरी आला. भामाबाई अजून भिंतीपाशीच होती.

"दिसला?"

"व्हय."

"वाळला होता का?"

"नाय. चांगला दिसत होता. निळा झब्बा होता."

"कुठून बघितला तुमी?"

कडुबानं खिशातली पक्कड काढून कोपऱ्यात ठेवली. तिनं पुन्हा विचारलं नाही. टीव्ही बंद केला. घडी केलेला एक शर्ट उचलला, झटकला आणि तसाच खिळ्याला अडकवला.

हँगर नव्हता. शर्टाचे खांदे खाली पडले.