बूट माझ्यावर ठेवू नका

मी एक जुनी चटई आहे. निळी, फोमची, बोटभर जाडीची, गुंडाळून पाठपिशवीला बांधतात तसली. मित्रांनो, आपली कहाणी शांतपणे सांगावी असं म्हणतात. मला ते जमणार नाही, कारण माझा राग अजून गेलेला नाही.

कारखान्यात माझ्या अंगात हवेचे असंख्य बारीक बुडबुडे भरले गेले. गारठा अडवतात ते हेच. माझी पहिली मालकीण जमीन मोजणारी बाई होती. ऐन थंडीत तिला माळावर तंबू ठोकून राहावं लागे. तंबू उभा राहिला की आधी मी आत जायचे, मग बाकीचं सामान. माझ्यावर ओलं पाऊल पडलेलं तिला खपत नसे. असे अकरा हिवाळे आम्ही काढले. मग तिला कचेरीतलं काम मिळालं आणि तिने मला धाकट्या भावाला दिलं.

तिथे माझी पार रया गेली. भावाने माझ्यावर रंगाचे डबे रचले. कुत्र्याला आंघोळ घातली तीही माझ्यावरच.

गेल्या हिवाळ्यात भाऊ, त्याची सात वर्षांची मुलगी आणि तिची आत्या, म्हणजे माझी जुनी मालकीण, तळ्याकाठी मुक्कामाला गेले. मला वाटलं, माझे दिवस पालटले. कसलं काय! भावाने मला तंबूच्या दाराबाहेर टाकलं आणि माझ्यावर चिखलाचे बूट काढले. त्याचा सगळा भरवसा नव्या ब्लँकेटांवर होता.

अंधार पडला तशी मुलगी कुडकुडू लागली.

"बाबा, पाठ गार पडलीय."

"थांब, अजून एक घालतो वर."

एकावर एक तीन ब्लँकेटं झाली, वर त्याचा कोट झाला. पोर त्याखाली दिसेनाशी झाली, तरी दात वाजतच होते. मग तिने बोलणंच सोडलं. भावाचा धीर सुटला. त्याने शेजारच्या तंबूतल्या बहिणीला हाक मारली.

"ताई, लवकर ये. हिचं कापणं थांबत नाहीये."

आत्याने येऊन पोरीच्या पाठीखाली हात घातला.

"वर एवढं दुकान मांडलंयस, खाली काय घातलंयस?"

"खाली तंबू आहे की."

"म्हणजे जमीनच. मी दिलेली चटई कुठंय?"

भावाने गुपचूप दाराकडे पाहिलं.

आत्याने मला झटकलं, स्वतःच्या स्वेटरने पुसलं आणि पोरीखाली अंथरलं. जमिनीचा गारठा माझ्या पोटाला भिडला. मी तो तिथेच अडवला. फक्त खांद्याशी जमेना, कारण रंगाच्या डब्यांनी तिथले बुडबुडे चिरडून टाकले होते. आत्याने तिथे एका ब्लँकेटची घडी सारली. हळूहळू पोरीने आखडलेले पाय लांब केले आणि पाणी मागितलं. मला रडू आलं असतं, पण चटईला तीही सोय नाही.

सकाळी भाऊ म्हणाला, "कोट घातला म्हणून निभावलं."

ऐकलंत ना, मित्रांनो? थंडी वाजली की आणखी वर काय घालू, हे विचारण्याआधी खाली काय आहे ते बघा. आणि जे खाली आहे ते धड राहील असं सांभाळा.

घरी पोचल्यावर भावाने सवयीने रंगाचा डबा उचलला. मुलगी आडवी आली.

"तिथे नको बाबा, तिथे माझा खांदा येतो."