सरला आत्याचा पंखा

"अगं, आज मशीन बंद कसं करू? इंटरव्ह्यूत तेच तर दाखवायचंय," मोरेश्वर म्हणाला आणि मशीनच्या चालू पंख्यांसमोर पूजेचं ताट घेऊन गॅरेजच्या गार फरशीवर बसला. वर इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि टाय, खाली चट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. व्हिडिओवर कमरेखालचा माणूस दिसत नाही, असं त्याचं म्हणणं.

दसऱ्याची सकाळ होती. इथे अमेरिकेत, कॅरीत, दसऱ्याला कोण सुट्टी देतंय! मीच फार्मसीतून दिवस मागून घेतला होता. सण तर होताच, पण कितीतरी महिन्यांनी माझ्या नवऱ्याला कुणीतरी इंटरव्ह्यूच्या शेवटच्या फेरीला बोलावलं होतं. ही नोकरी मिळाली नाही तर आमच्या लेकीच्या, इशिताच्या कॉलेजचं काय आणि घराच्या हप्त्याचं काय, हे आम्ही दोघंही एकमेकांशी बोलायचं टाळत होतो.

मोरेश्वरने उभा जन्म दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळण्यात घालवला. स्क्रीनवर लाल दिवा लागला की उठायचं, बिघाड शोधायचा, दिवा हिरवा करायचा. जेवणातून उठला, इशिताच्या स्नेहसंमेलनातून उठला, एकदा तर सत्यनारायणाच्या पूजेतून उठला आणि गुरुजी पळी हातात धरून बसून राहिले. मग मार्चमध्ये कंपनीने ते काम कुठल्याशा सॉफ्टवेअरला दिलं आणि एका छोट्याशा कॉलवर याला निरोप. मी त्या लोकांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

त्यानंतर त्याने गॅरेज ताब्यात घेतलं. माझी गाडी बाहेर पाइनच्या पाल्यात उभी, आणि आत लोखंडी सांगाड्यावर चार जुनी ग्राफिक्स कार्डं घुं घुं करत क्रिप्टोचं मायनिंग करणार. म्हणजे ती दिवसरात्र गणितं सोडवणार आणि त्याचा मोबदला म्हणून कुठल्याशा डिजिटल नाण्याचा चिमूटभर चुरा मिळणार. विजेचं बिल त्याहून मोठं. मी एकदा चिडून म्हटलंही, की त्यापेक्षा मी पापड लाटून विकते. त्याला वाईट वाटलं नाही, कारण त्याला नाण्यांशी देणंघेणं नव्हतंच. तो सेटिंग बदलायचा, पंखा कमी-जास्त करायचा, आणि कार्डांवर नजर ठेवायला त्याने स्वतःचा एक प्रोग्रॅम लिहिला होता. प्रत्येक कार्डाची एक रेघ. कार्ड थंड तर रेघ हिरवी, तापलं तर लाल.

आणि कार्डांची नावं काय ठेवली असतील? सरला, कुसुम, विमल आणि शकू. त्याच्या चार सख्ख्या आत्या. सकाळी चहा घेताना मला बातमी, "सरला आत्या आज जरा गरम आहे." खरी सरला आत्याही तशीच होती, म्हणून मला हसू यायचं. पण आत कुठेतरी तुटायचं सुद्धा. एवढा कामाचा माणूस आणि त्याच्याकडे सांभाळायला उरलं काय, तर हे!

त्याचे वडील नागपूरला हिंगण्याच्या एमआयडीसीत लेथवर कामाला होते. दसऱ्याला ते लेथ पुसून, हळदकुंकू वाहून बंद ठेवायचे आणि दिवसभर त्याला हात लावायचे नाहीत. मी मोरेश्वरला तेच सांगत होते, की पूजा करायची तर बंद करून कर. पण मार्चपासून मशीन एकदाही थांबलेलं नाही, हेच त्याला त्या लोकांना दाखवायचं होतं. त्याने चारी आत्यांना कुंकू लावलं, ओल्या अक्षता वाहिल्या, झेंडूचं फूल ठेवलं. माझं डोकं फिरलं होतं, पण इंटरव्ह्यूच्या तोंडावर भांडण नको म्हणून मी गप्प बसले. वर आल्यावर त्याच्या कपाळावरचं कुंकू मात्र मी ओल्या रुमालाने पुसलं. ते कॅमेऱ्यात नेमकं दिसलं असतं.

इंटरव्ह्यू सुरू झाला. मी स्वयंपाकघरात चक्का फेटत होते, तिथून लॅपटॉप दिसत होता. पलीकडे एक बाई आणि तिच्याबरोबर दोन पोरसवदा मुलं. आजवर अशा मुलांसमोर मोरेश्वर पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल वगैरे प्रश्नांनी गांगरून जायचा. आज मात्र त्याने आपला प्रोग्रॅम उघडून दाखवला आणि त्याची गाडी जी सुटली! कार्ड फारच तापलं तर ते आपोआप बंद होईल अशी सोय कशी केली, तेही सांगितलं. बाईने रेघांवरच्या नावांचं विचारलं असावं, कारण त्याने आत्यांचे स्वभाव सांगितले आणि ती तिघंही खळखळून हसली. मला वाटलं, झालं, हे काम झालं. मी देवाकडे बघून हातसुद्धा जोडले.

तेवढ्यात सरलाची रेघ लाल झाली.

मोरेश्वर वाक्याच्या मध्येच थांबला. "एक्स्क्यूज मी, अलर्ट आहे," म्हणाला, कानावरचा हेडसेट काढून टेबलावर ठेवला आणि उठून चालता झाला. कॅमेऱ्यासमोर पायजमा दिसला तो दिसलाच.

मग चक्क्याचे हात पदराला पुसून मीच स्क्रीनसमोर गेले आणि हेडसेट लावला. मी त्यांची बायको, अशी ओळख करून दिली. बाई भली होती. आग वगैरे लागली नाही ना, असं आधी विचारलं. मग म्हणाली, की ते कार्ड तर आपोआप बंद होणार होतं, त्यांनीच आत्ता सांगितलं, मग पाच मिनिटं थांबता आलं नसतं का?

माझं इंग्रजी अशा वेळी पळून जातं. जे जमलं ते म्हणाले, "इतकी वर्षं तो लोकांच्या मशीनसाठी उठला. आता कुणी उठवत नाही. एवढं एकच उठवतं."

तिने घड्याळाकडे पाहिलं, त्यांची पुढची मीटिंग होती. ईमेल करू, म्हणाली. अशी ईमेल कशी असते ते मला पाठ आहे. स्क्रीनवर त्याची रिकामी खुर्ची आणि माझा चेहरा उरला.

मोरेश्वर धापा टाकत आला. टाय खांद्यावर, कपाळावर घाम, आणि तोंडभर हसू. मार्चनंतर असं हसू मी पाहिलं नव्हतं. त्याने मूठ उघडली. तळहातावर कुंकवाने माखलेला तांदळाचा एक दाणा होता.

"सापडला. पात्यात अडकला होता. पंखा फिरायचाच बंद."

मग त्याने स्क्रीनकडे पाहिलं.

"गेले?"

"गेले."

मला भांडायचं होतं, खरंच भांडायचं होतं. "आपोआप बंद पडणार होती ना रे ती," मी म्हणाले, पण आवाज रडवेला निघाला.

"पडली असती," तो म्हणाला. "पण लाल दिसल्यावर बसून राहायचं कसं, ते मला येत नाही गं."

माझ्या हाताला अजून थोडा चक्का लागलेला होता, तसाच मी त्याच्या खांद्यावर ठेवला. त्या शर्टाची इस्त्री आता कशाला जपायची होती! त्याने तो दाणा जपून पूजेच्या ताटात ठेवला, हेडसेटची वायर गुंडाळली, श्रीखंडात वेलची घातलीस का म्हणून विचारलं आणि पुन्हा खाली गेला.

एकेक करून चारी पंख्यांचा आवाज थांबला. घर इतकं गप्प झालं की फ्रिज ऐकू यायला लागला. मी घाबरून जिन्यावरून डोकावले. मोरेश्वर फरशीवर बसला होता. बंद मशीन त्याने कोरड्या फडक्याने पुसून काढलं होतं, आणि आता सरला आत्याला पुन्हा, अगदी सावकाश, कुंकू लावत होता.