तोंडी सूचनेची नोंद

वडील जाऊन सतरा दिवस झाले आणि ती पुन्हा नगरपालिकेत पाणीपुरवठ्याच्या टेबलाशी येऊन बसली. याच कचेरीत वडिलांनी तीस वर्षं काढली होती. त्यांची एक रीत होती. कुठल्याही पक्षाच्या माणसाने तोंडी काही सांगितलं, की ते फाइलवर शब्दन् शब्द उतरवायचे आणि खाली त्याची सही मागायचे. सही म्हटलं की भलेभले काढता पाय घ्यायचे.

सत्ताधारी पक्षाचे अध्यक्ष अकराच्या सुमारास आले.

"ताई, वाईट झालं. आमचं कधी पटलं नाही, पण माणूस सरळ होता."

"हं."

"बरं, तो नवा नळ खालच्या गल्लीत घ्या."

वरच्या गल्लीतली चाळीस घरं चढावरून बादल्या वाहत होती. पाहणी तिनेच केली होती. खालच्या गल्लीत आधीचेच दोन नळ होते.

"कारण?"

"वरच्यांनी निवडणुकीत आम्हाला पाणी पाजलं. आता त्यांना आम्ही कशाला पाजायचं?" स्वतःच्या विनोदावर ते मनापासून हसले.

तिने विनोद सोडून बाकी सगळं लिहिलं आणि फाइल पुढे सरकवली. "सही करा."

त्यांनी चष्मा लावून वाचलं. आता उठतील, असं तिला वाटलं. त्यांनी झोकात सही ठोकली, खाली तारीख घातली, वर मोबाइलने त्या पानाचा फोटोही काढला.

"वडिलांनी सही मागितली तेव्हा पळालो होतो मी. तेव्हा पक्षही दुसरा होता म्हणा! आता हाच कागद गल्लीत फिरवतो. लोक म्हणतील, आपला माणूस आपल्यासाठी लेखी भांडतो."

ते गेले. संध्याकाळी बाबांना हे सांगायला हवं, असं तिच्या मनात आलं आणि तिथेच थांबलं.

शेजारचे हेडक्लार्क हळूच म्हणाले, "पोरी, खाली 'सहमत' लिही आणि मोकळी हो. बदली झाली तर आईजवळ कोण राहणार?"

घरी आई अजून तीन माणसांचा चहा टाकत होती. तिने सहीखालच्या कोऱ्या जागेवर पेन टेकवलं. मग लिहिलं, 'असहमत. पाहणीनुसार नळ वरच्या गल्लीतच हवा.' सही केली आणि फाइल स्वतःच वरच्या मजल्यावर साहेबांकडे नेली.

साहेबांनी वाचलं, कपाळ चोळलं. "म्हणजे आता मला मत लिहावं लागणार."

"हो, साहेब."

त्यांनी पेन उघडलं, जरा घुटमळले आणि कोपऱ्यात दोन शब्द लिहिले, 'चर्चा करावी.' असा शेरा पडलेल्या फाइली खालच्या कपाटात वर्षानुवर्षं निजलेल्या होत्या.

"घेऊन जा."

तिने फाइल उचलली नाही. पाय दुखत होते. ती समोर बसली.

"करू या ना साहेब, चर्चा. मी आहे पाच वाजेपर्यंत."