भंगारहत्तीच्या पोटातलं घंगाळ

हे सांगितलं की लोक म्हणतात, म्हातारा फेकतोय. तुम्हीही म्हणा खुशाल. आजवर कुणी विश्वास ठेवला नाही, तुम्हीच कशाला ठेवताय! पण आपण बसलोय त्या कट्ट्यामागच्या या भंगारहत्तीच्या पोटात शेवंताबाई चौगुले राहायला गेल्या, हे खरं आहे.

घरोघरची मोडकी भांडी मागून शहरानं हा हत्ती उभा केला. सोंडेला कुकर, कानांना पराती. आता रिक्षावालेसुद्धा पत्ता सांगताना 'हत्तीपासून डावीकडे' म्हणतात. तर त्या हौसेत रंगराव चौगुल्यांनी बायकोला न विचारता तिचं तांब्याचं घंगाळ देऊन टाकलं. लग्नातलं. 'चि. सौ. कां. शेवंतास मामांकडून' असं ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं.

शेवंताबाईंना ते हत्तीच्या पोटावर दिसलं. नावावरची धूळ त्यांनी पदरानं पुसली, तर हात आत गेला. मग खांदा. मग त्याच गेल्या.

सकाळी सोंडेतून फोडणीचा वास आला.

रंगराव पोटाशी तोंड नेऊन म्हणाले, "अगं, चल घरी."

"माझं नाव जिथं, तिथं मी," आतून उत्तर आलं. "त्या घरात कशावर आहे माझं नाव?"

रंगरावांनी घर धुंडाळलं. वाट्यांवर आईचं, तांब्यावर वडिलांचं, डब्यांवर बहिणीचं. ते शोधत होते तेवढ्यात भिंत वीतभर आत आली. मग घर रोज आखडत गेलं. आधी भांडी बाहेर काढावी लागली, ती हत्तीकडे निघून गेली. मग पलंग मावेना. रंगराव उभ्यानं झोपू लागले. कोपर भिंतींना टेकायला लागले, तेव्हा त्यांनी भांड्यांवर नावं घालणाऱ्या दस्तगीरला बोलावलं.

"कशावर घालू, अण्णा?" दस्तगीरनं दारातूनच विचारलं. आत जागा नव्हती.

"घरात आता मीच तेवढा उरलोय. पाठीवर घाल."

"दुखेल."

"घाल रे."

मशीन टकटकू लागलं. रंगरावांनी दात आवळले. आणि काय सांगू, शेवटचा ठिपका पडला तसं हत्तीनं गुडघे टेकले, पोट उघडलं, शेवंताबाई घंगाळ कमरेवर घेऊन बाहेर आल्या, घर पुन्हा ऐसपैस झालं आणि दोघं–

"खोटं!" कट्ट्यामागून, हत्तीच्या पोटातून, बाईचा आवाज आला. "मी अजून आतच आहे. 'शेवं'पर्यंत आलं, आणि दुखतंय म्हणून उठून पळाले ते!"