चाळीस हात फिल्म

दादामियाँचा उजवा डोळा गेलेलाच होता. डावा किती दिवस काढेल ते डॉक्टर नीट सांगेना. "महिना, दोन महिने," एवढं बोलून त्यानं पुढच्या पेशंटची फाईल उघडली.

"महिना की दोन महिने?" आबेदा म्हणाली. "दोन्हींत तीस दिवसांचा फरक असतो."

तिच्या अब्बांनी, मकबूलनं, तिला दंडाला धरून बाहेर काढलं.

आबेदा ही अशीच. वय सतरा. नववीत असताना बाईंनी सगळ्या वर्गासमोर तिची वही फाडली, म्हणून तिनं बाईंचं हजेरीपुस्तक फाडलं. त्यानंतर शाळेचं तोंड बघितलं नाही. आता कसबा पेठेतल्या दोन खोल्यांत बसून ती बायकांच्या साड्यांना फॉल लावायची आणि अर्धा तास एका जागी बसावं लागलं की चिडायची.

दादामियाँ तिचे आजोबा. चौतीस वर्षं एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. ती टॉकीज पाडली, तिथं आता गाड्या उभ्या असतात. दवाखान्यातून घरी आल्यावर म्हातारा म्हणाला, "डोळा आहे तोवर जुने सिनेमे परत बघून घेतो. तुझ्या मोबाईलवर येतात ना?"

"मग रोज दुपारी माझा फोन अडकणार?"

"तू फोन करतेस कुणाला?" दादामियाँ म्हणाले. "शाळेत?"

रोज दुपारी सुरू झालं. म्हातारा फोन डाव्या डोळ्यापासून चार बोटांवर धरायचा आणि मान तिरकी करायचा. आबेदा शेजारी फॉल लावत बसायची. पहिल्या दिवशी तिनं कंटाळून सिनेमा दुप्पट वेगात लावला. म्हाताऱ्यानं लगेच पकडलं. "मशीन पळतंय. हळू कर."

"तीनशे वेळा बघितलाय ना तुम्ही हा?"

"बघितला कुठं? रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका येतो, तो आला की दुसरं मशीन चालू करायचं. चौतीस वर्षं मी कोपरा बघितला. आणि त्या घरघरीत ऐकू काय येणार, डोंबल!"

सगळेच सिनेमे त्यांना आवडले असंही नाही. एक लावला, तो चालू असताना म्हणे लोक पडद्यावर नाणी फेकायचे. दहा मिनिटांत म्हातारा म्हणाला, "बंद कर. सडला हा. नुसती ओरडाआरड." पण काही अजून तसेच टिकून होते. हे आबेदाला मान्य करायचं नव्हतं, पण सुई हातात धरून ती थांबायची. आणि दादामियाँना ते न बघता कळायचं.

मग एका सोमवारी त्यांनी तो दाराचा सिनेमा लावायला सांगितला.

आबेदा दचकली. हा सिनेमा तिला पाठ होता, पण बघितलेला नव्हता. हुस्नबानूफुफीनं सांगितलेला. फुफी म्हणजे दादामियाँची थोरली मुलगी. टॉकीजच्या बुकिंगच्या खिडकीत बसणाऱ्या श्यामशी तिनं लग्न केलं. ते ठरलं त्या संध्याकाळी दादामियाँ म्हणाले होते, "हे दार तुला बंद." त्याला तेहतीस वर्षं झाली. फुफी कर्वेनगरला राहते, बसनं अर्धा तास. घरात तिचं नाव निघत नाही. आबेदा मात्र साड्या पोचवायच्या नावाखाली तिच्याकडे जायची.

सिनेमात बाप मुलीला घराबाहेर काढतो. शेवटी ती परत येते आणि दार वाजवते. बाप आत चप्पल हातात घेऊन बसलेला. घालेना, ठेवेना. मग बाहेरचं बंद दार दिसतं, मुलीची पाठ दिसते. गाणं नाही, रडणं नाही. दार तसंच. आबेदाचा अंगठा पुढं ढकलायला गेला.

"हात लावू नको," म्हातारा म्हणाला. "हेच तर बघायचंय. आताच्या सिनेमात कुणी वाट बघू देत नाही. दार वाजलं की लगेच गळ्यात पडतात. इथं तो बाप उठायला वेळ घेतो. खरा माणूस तेवढा वेळ घेतोच."

आबेदाच्या पायांना मुंग्या आल्या, पण ती हलली नाही. शेवटी कडी वाजली आणि दार उघडलं.

"हे काय?" ती ओरडली. "फुफी तर म्हणाली दार उघडतच नाही! ती दार वाजवते आणि समाप्त!"

नाव निघालं ते निघालं. दादामियाँनी फोन खाली ठेवला. ते बोटानं साडीचा काठ चाचपायला लागले.

"आमच्याकडं नव्हतं उघडत," ते म्हणाले. "दुसऱ्या आठवड्यात शेवटच्या रिळाच्या कडेची भोकं फाटली. फिल्म उड्या मारायला लागली, पब्लिक शिव्या घालायला लागलं. मग मी तेवढी कापली आणि पुढं समाप्तची पाटी जोडली. चाळीस हात." कोपरापासून बोटांपर्यंत त्यांनी हात काठावर ठेवून दाखवला. "एक हात फिल्म म्हणजे एक सेकंद."

"फुफीनं तोच बघितला. पाच वेळा. शेवटचा, घर सोडायच्या आदल्या दिवशी."

"मला वाटलं पहिल्या आठवड्यात बघितला असेल. अख्खा."

"पास श्यामफुफांनी दिले होते. दुसऱ्या आठवड्यात." आबेदानं सुई साडीत खुपसली. "म्हणून तुम्ही रात्री दाराला कडी लावू देत नाही? गेल्या वर्षी कुकर चोरीला गेला तरी? आणि ती तिकडं बसलीये, दार उघडतच नाही म्हणून! तुम्हाला जाऊन सांगता येत नव्हतं? पाय होते ना?"

"त्या सिनेमातला बापही बोलवायला जात नाही," म्हातारा हळू म्हणाला. "उघडतो फक्त."

"सिनेमातल्या बापाचं नाटक दोन तासांत संपतं हो!"

साडी तशीच टाकून ती उठली आणि स्वारगेटला जाऊन कर्वेनगरची बस पकडली.

फुफी दारात आली तेव्हा तिच्या हाताला कणीक होती. केस पूर्ण पांढरे, जाड काचांचा चष्मा, पुढचा एक दात गेलेला. आबेदानं काही न बोलता फोन तिच्यापुढं धरला. फुफीनं कणकेच्या हातानंच तो घेतला. सिनेमातलं दार उघडलं तसा तिनं तो शेवट मागं नेला आणि परत बघितला. मग परत. चौथ्या वेळी स्क्रीनवर कणीक इतकी झाली की काही दिसेना.

"हे खरंय?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"मी तिकिटं विकत होतो," श्याम म्हणाला. "आत काय चालायचं ते मला कोण सांगणार?"

"चल आत्ता," आबेदा म्हणाली. "डोळा आहे तोवर तोंड बघू दे त्यांना तुझं."

"आज नको गं. आज माझ्याच्यानं होणार नाही. पायच उचलायचे नाहीत. जरा दिवस जाऊ देत."

"का, पिक्चर बदलायचंय?"

"पिक्चर शुक्रवारी बदलतं," श्याम सवयीनं बोलून गेला.

"मग शुक्रवारी येते," फुफी म्हणाली. "चार वाजता. अब्बांना सांग."

आबेदानं सांगितलं. दादामियाँनी नुसती मान हलवली. मकबूल मात्र शुक्रवारी नमाजानंतर दुकानात परत न जाता बहिणीची वाट बघत कोपऱ्यावर उभा राहिला.

शुक्रवारी दुपारी म्हातारा धुतलेला सदरा घालून खाटेवर बसला होता. फोनमधून सिनेमाचा आवाज येत होता. आबेदा चहा घेऊन आली आणि जागीच थांबली. फोन डोळ्यापाशीच होता, पण उलटा. काच भिंतीकडं आणि पाठ म्हाताऱ्याकडं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

त्यांनी फोन खाली घेतला. "बुधवार. सकाळी उठलो तर उजेडच नाही."

"दोन दिवस! आणि गप्प बसलात? डॉक्टरकडं..."

"डॉक्टर काय नवा दिवा टाकणार आहे?" त्यांनी हात पुढं केला आणि चाचपत तिचं मनगट धरलं. "फुफीला सांगू नको. ती तोंड दाखवायला येतेय. तिला वाटू दे, बघितलं म्हणून."

आबेदाला काहीतरी आपटावंसं वाटलं. सोमवारीच तिला ओढत आणली असती तर! पण आपटायला हातात फक्त चहा होता.

"दार लाव," दादामियाँ म्हणाले.

"उघडंच राहू द्या की."

"लाव. कडी पण."

तिनं तेहतीस वर्षं न लावलेली कडी लावली. ती गंजलेली होती, ठोकून बसवावी लागली.

चारला पाच कमी असताना जिन्यात पावलं वाजली. दारावर टकटक झाली, दोनदाच.

दादामियाँ उठले. भिंतीला हात लावत निघाले. आबेदा नकळत मोजायला लागली. एक हात, दोन हात. पंधराला ते शिवणयंत्राला अडखळले. तीसला दारापाशी पोचले. चाळीसला त्यांचा तळवा दाराच्या फळीवर फिरत होता, कडीच्या वीतभर खाली. आबेदा पुढं झाली, तर त्यांनी तिचा हात झटकला. पन्नास. बाहेर परत टकटक झाली नाही. साठ. कडी सापडली, पण सरकेना. सत्तर, ऐंशी. बाहेर चप्पल वाजली, एकदा, मग परत एकदा.

कडी खाडकन निघाली. त्यांनी दोन्ही हातांनी दार उघडलं.

समोर कुणी नव्हतं. फुफी दोन पायऱ्या खाली उतरलेली, कठडा धरून, मान वळवून वर बघत होती. पांढरे केस सुटलेले, चष्मा ओला.

दादामियाँ समोरच्या रिकाम्या भिंतीकडं बघून हसले.

"तशीच आहेस गं," ते म्हणाले. "काही बदलली नाहीस."

फुफीनं आबेदाकडं बघितलं. आबेदानं मान खाली घातली.

मग फुफीनं चपला पायरीवरच काढल्या. आवाज होणार नाही अशा बेतानं दोन पायऱ्या वर आली आणि ते जिथं बघत होते, बरोबर तिथं जाऊन उभी राहिली.