टाचेजवळची दोन भोकं

मी एक जुना रबरी बूट आहे. त्यातही डावा. मित्रांनो, दुकानाच्या फळीवर मी काळाकुळकुळीत उभा असायचो, तेव्हा माझा तोरा काय विचारता! शहराच्या कडेला असलेल्या बंगल्यांच्या वसाहतीत गटारं साफ करणाऱ्या काकांनी मला विकत घेतलं. गटारात उंदरांचं राज्य आणि काकांच्या टाचांना भेगा. तरी वर्षभर मी पाण्याचा थेंब आत येऊ दिला नाही. काकू मला घासूनपुसून दारामागे ठेवत.

एकदा पाणी माझ्या काठावरून आत शिरलं. काकांचा पाय दिवसभर भिजला. मग त्यांनी डोकं लढवलं. सळई तापवून माझ्या टाचेजवळ दोन भोकं पाडली. "आता आलेलं पाणी आपसूक निघून जाईल," म्हणत ते स्वतःवरच खूश झाले. उजव्याचं काम उद्यावर टाकलं, ते राहूनच गेलं. मी बिचारा काय बोलणार?

दहा दिवसांनी काका तापाने फणफणले. पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे आधी लाल, मग पिवळे झाले. त्यांना दवाखान्यात ठेवलं. काकूंचा जीव टांगणीला लागला. माझाही.

डॉक्टरीणबाईंनी बूट मागवले. काकूंनी आम्हाला पिशवीतून नेलं. बाईंनी हातमोजा घालून माझ्या भोकात बोट घातलं.

"हे कोणी केलं?"

"मीच," काका पुटपुटले. "पाणी बाहेर जावं म्हणून."

"अहो काका, त्याच वाटेनं ते आधी आत येतं ना! उंदरांच्या लघवीतले जंतू थेट तुमच्या भेगांत शिरले."

मग त्यांनी समजावलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी लगेच झुंजतात, पण शत्रू नवा असला की त्याला नेमकं ओळखणारी प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडाभर तरी जातो. तोवर औषधांनी साथ द्यायची.

"म्हणजे आता परत नाही ना होणार?" काकूंनी आशेनं विचारलं.

"या जंतूंच्या जाती पुष्कळ. शरीर एकीला लक्षात ठेवेल. दुसरी आली की पुन्हा पहिल्यापासून."

काका वाचले. त्या दिवशी मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो.

आता घरात नवी जोडी आहे आणि मी तिच्या वर खिळ्याला टांगलेला असतो. कामावर निघताना काका आधी माझी भोकं चाचपतात, मग नव्या बुटांत पाणी भरून गळतंय का बघतात.

काकांच्या टाचा मलमानं भरून आल्या. माझी भोकं मात्र तशीच आहेत. मित्रांनो, तुमचं अंग जखम भरतं, शत्रूही लक्षात ठेवतं. रबराला यातलं काहीच जमत नाही. म्हणून पाय घालण्याआधी आमच्या टाचेकडे एकदा बघत जा.